वीस वर्षं बंद असलेला टर्नटेबल आणि ॲम्प्लिफायर: कपॅसिटरचं किट मागवण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७०च्या दशकातला बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक टर्नटेबल, त्याच काळातला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घरातच सापडली, सगळं वीसेक वर्षं बंद होतं. लावून पाहिलं तर रेकॉर्ड हळू फिरते, गाणी संपली तरी आर्म परत येत नाही, डावीकडचा आवाज येतो-जातो आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते. सगळे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बदलून टाक, असा सल्ला कुणीतरी दिलाय. तर किट मागवू का?

नका मागवू, निदान आत्ता तरी. तुम्ही सांगितलेल्या चार तक्रारींमागे कपॅसिटर असण्याची शक्यता फार थोडी आहे. हळू फिरणं आणि आर्म न परतणं हे वाळलेल्या ग्रीसचं आणि थकलेल्या रबराचं दुखणं. आवाज येणं-जाणं आणि खरखर हे कॉन्टॅक्टचं, म्हणजे स्विच, रिले (विजेने चालणारा स्विच), पॉट (व्हॉल्यूमसारखं फिरवायचं बटण), जॅक यांचं. या वयाच्या यंत्रांत जे हलतं, जे घासतं आणि जे रबराचं असतं तेच आधी जातं. ट्रान्सफॉर्मर, मोटर, बहुतेक रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर पन्नास वर्षांनीही ठणठणीत सापडतात. एका बैठकीत चाळीस भाग बदलले आणि नंतर यंत्र मुकंच राहिलं, तर चूक त्या चाळिसांपैकी कुठे झाली हे शोधायचं कसं? माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यात किचकट यंत्रांचा मूळ दोष बहुधा साधाच असतो. किचकट झालेला असतो तो आधीच्या हौशी दुरुस्तीमुळे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची, मग पुढे जायचं.

ॲम्प्लिफायर पुन्हा थेट मेन्सला लावू नका. फिलामेंटचा एक साधा बल्ब, ६० किंवा १०० वॉटचा, फेजच्या वायरमध्ये सिरीजला येईल असा बोर्ड करून घ्या. मेन्सच्या वायरिंगचा सराव नसेल तर तो इलेक्ट्रिशियनकडून करवून घ्या. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि तीच करंट अडवून धरते, सगळी गंमत त्यात आहे. स्पीकर काढून ठेवा आणि स्विच द्या. बल्ब क्षणभर उजळला आणि मग मंदावला, तर फिल्टर कपॅसिटर चार्ज झाले आणि पुढे फारसा करंट ओढला जात नाही, असा त्याचा अर्थ. बल्ब तसाच लखलखत राहिला तर आत शॉर्ट आहे. तत्काळ बंद करा. अशा वेळी बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर गेलेला असतो. बल्ब मधे नसता तर फ्यूज उडाला असता, आणि कुणी फ्यूजच्या जागी जाड तार लावून ठेवली असती तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता. जुन्या यंत्रांत अशी तार सर्रास सापडते, तेव्हा फ्यूज आधी पाहून घ्या.

झाकण उघडलं की प्लग काढलेला असला तरी मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरचा व्होल्टेज मीटरने मोजा. तो उतरवायला एक किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर दोन टोकांवर धरा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका. हे ट्रान्झिस्टर सेटबद्दल झालं. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि तो जीव घेऊ शकतो, त्यामुळे सराव नसताना त्याला हात लावू नका.

एक कपॅसिटर मात्र मी चाचणी न करताच बदलतो. मेन्स स्विचच्या दोन टोकांवर, ठिणगी दाबण्यासाठी लावलेला. तो टर्नटेबलमध्येही असतो आणि नेमका तिथेच विसरला जातो. त्या काळातले यातले बरेचसे कागदी कपॅसिटर पारदर्शक रेझिनमध्ये ओतलेले असत. रेझिनला केसासारख्या चिरा पडतात, त्यातून दमट हवा आत शिरते आणि एक दिवस धूर आणि भयंकर वास सोडून तो जातो. तेवढ्याच क्षमतेचा, मेन्ससाठी प्रमाणित एक्स२ वर्गाचा कपॅसिटर लावा. मेन्स आणि चॅसी (यंत्राचा धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये असेल तर तिथे वाय वर्गाचाच हवा. ‘व्होल्टेज भरपूर आहे’ म्हणून साधा फिल्म कपॅसिटर लावणं चालत नाही. हे वर्ग बिघडल्यावर आग किंवा शॉक होऊ नये म्हणून ठरवलेले आहेत.

आता टर्नटेबल. रबरी मॅट आणि प्लॅटर उचला. बेल्ट ताणून सैल झालेला असेल किंवा वितळून डांबरासारखा झाला असेल. तसा झाला असेल तर हातमोजे घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुली आणि आतल्या प्लॅटरची कड पूर्ण साफ करा. थोडासा चिकटा राहिला तरी नवा बेल्ट त्यावर अडखळतो आणि स्वर डगमगतो. नवा बेल्ट मॉडेल नंबर पाहून घ्या. नंबर मिळतच नसेल तर बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून किंचित आखूड बेल्ट निवडा. जुना बेल्ट मोजून नवा घेऊ नका, तो ताणलेला असतो. फार घट्ट बेल्टही वाईट. तो बेअरिंग एका अंगाने ओढतो.

बेल्ट बदलूनही वेग कमीच असेल तर पुली पाहा. एसी सिंक्रोनस मोटरचा वेग मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेली पुली ५० हर्ट्झवर चालवली तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ फेरे मिळतात. स्वर तीन सेमीटोनपेक्षा जास्त उतरतो, गाणारी बाई पुरुषासारखी वाटते. अशा वेळी तेल घालून काही होत नाही, पुलीच बदलावी लागते. वेग तपासायला स्ट्रोबची चकती छापून घ्या: ३३⅓साठी ५० हर्ट्झला १८० रेघा, ६० हर्ट्झला २१६. मेन्सवर लुकलुकणारा दिवा हवा; पुष्कळ एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यांच्या उजेडात रेघा कधीच स्थिर दिसणार नाहीत. डीसी मोटर असेल तर वेग जुळवायचा छोटा स्क्रू, म्हणजे ट्रिमर, असतो. तो फिरवण्याआधी बेअरिंग साफ करा, नाहीतर सुकलेल्या तेलाच्या हिशोबाने वेग जुळवला जाईल.

बेअरिंगवर जरा वेळ घालवा. खाली पांढरं कापड अंथरा आणि स्पिंडलचा दांडा सरळ, सावकाश वर ओढा. नीट बसलेला दांडा वर येताना आत किंचित ओढ जाणवते, कारण खाली हवा शिरायला जागा नसते. ही ओढ जाणवली तर झीज कमी आहे असं समजा. पुष्कळ बेअरिंगमध्ये तळाशी पोलादी गोळी असते आणि ती तेलाने दांड्याला चिकटून वर येते, मग टपकन सुटून घरंगळत जाते. पांढरं कापड त्यासाठी. जुनं तेल काळपट, कधी मधासारखं दाट झालेलं असतं. लाकडी काडीला सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलमध्ये भिजवून भोक पुसा, कापड पांढरं बाहेर येईपर्यंत. मग टॉर्च लावून तळाची चकती पाहा. गोळीने तिथे बारीक खड्डा पाडलेला दिसतो. चकती निघणारी असेल तर उलटी बसवा, ताजी सपाट बाजू वर येते, आणि बारीक घरघर एवढ्यानेच पुष्कळदा जाते. सच्छिद्र काशाची बुश असेल तर साफ करताना तिने धरून ठेवलेलं तेलही निघून जातं, म्हणून तिला पातळ तेल पाजून थोडा वेळ मुरू द्या, वर आलेलं जास्तीचं पुसा. गंज सोडवणारा स्प्रे इथे अजिबात नको. त्यातलं पातळ द्रव उडून जातं आणि मागे उरलेल्या थराने घर्षण थांबत नाही.

आर्म परत न येण्याचं कारण खालच्या यांत्रिक भागात आहे. उलटं करण्याआधी सुईचं संरक्षक झाकण लावा, हेडशेल (आर्मच्या टोकाचा, सुई धरणारा भाग) निघत असेल तर काढूनच ठेवा, मागचं वजन काढा, आर्म बांधा. खालून पाहिलं की कॅमचं मोठं दातेरी चाक आणि पत्र्याचे सरकणारे दांडे दिसतात. त्यांच्यावरचं ग्रीस पिवळट मेणासारखं घट्ट झालेलं असतं. हात लावण्याआधी प्रत्येक स्प्रिंगचा फोटो काढा, कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते नंतर आठवत नाही. ग्रीस लाकडी काडीने खरवडा, अल्कोहोलने पुसा आणि प्लॅटर हाताने फिरवत पूर्ण चक्र चालवून पाहा. भाग वजनाने आपोआप पडू लागले की झालं. नवं ग्रीस फक्त घासणाऱ्या जागी, तेही पातळ थर. ज्या जागी मुळात ग्रीस नव्हतं तिथे घालू नका. काही क्लच मुद्दाम कोरडे ठेवलेले असतात. टर्नटेबल ड्युअल कंपनीचा असेल तर मुख्य दांड्यावरच्या खुंटीची इवलीशी रबरी टोपी नक्की तपासा. ती चुरून पडली की मोटर, कॅम, सगळं फिरतं पण आर्म आडवा सरकत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा योग्य मापाचा तुकडा तिथे छान बसतो.

तुमचा टर्नटेबल बेल्टचा आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. १९५०च्या दशकातल्या गॅरार्ड ३०१ सारख्या आयडलर व्हीलच्या यंत्रात रबरी चाक वर्षानुवर्षं पुलीला टेकून राहिलं की त्यावर सपाट जागा पडते आणि ठक-ठक ऐकू येते. हलकं घासून ते सुधारतं, फार कडक झालं असेल तर रबर नव्याने चढवून घ्यावं लागतं. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० आणला. या डायरेक्ट ड्राइव्ह जातीत बेल्ट, चाक काहीच नाही, तिथे वेगाची तक्रार बहुधा मळलेल्या पिच स्लायडरची किंवा नियंत्रण बोर्डाची असते.

सुईबद्दल मी हट्टी आहे. इतिहास माहीत नसलेली सुई चांगल्या रेकॉर्डवर टेकवू नका. हिऱ्याचं टोक साधारण ५०० ते १००० तास टिकतं आणि झिजलेल्या टोकाच्या कडा खाचेच्या भिंती तासून काढतात. ते नुकसान परत भरून येत नाही. टोक शाबूत असलं तरी सुईची दांडी धरणारं रबर वयाने कडक होतं. कार्ट्रिजची, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीची, बॉडी ठीक असेल तर नवी सुई घाला. सुईवरचं वजन कार्ट्रिजच्या मापानेच: मूव्हिंग मॅग्नेटसाठी साधारण दीड ते दोन ग्रॅम, जुन्या सिरॅमिकसाठी चार ते सहा. ‘हलकं तेवढं चांगलं’ हा गैरसमज आहे. वजन कमी पडलं तर सुई खाचेत नीट बसत नाही, उसळते, आणि भिंतींवर आपटते. आर्म आधी शून्यावर तरंगता ठेवा, मग वजनाची चकती फिरवा आणि सुईच्या छोट्या डिजिटल काट्यावर ताडून पाहा, चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका. कार्ट्रिजच्या मागच्या चार वायरी: लाल उजवी, हिरवी तिची परतीची, पांढरी डावी, निळी तिची परतीची.

संग्रहात ७८च्या तबकड्याही असतील तर दोन गोष्टी. त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची सुई तिच्या तळाशी लोळते, त्यांना ७५ मायक्रॉनच्या आसपासची वेगळी सुई लागते. आणि त्या अल्कोहोलने कधीही पुसू नका. त्यातल्या बहुतेक लाखेच्या आहेत, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाचं पॉलिश तसंच तर बनवतात. एलपी विनाइलच्या आहेत, त्यांचं तसं नाही.

आता डावीकडचा आवाज. इथे सोल्डरिंग गन उचलण्याआधी अदलाबदल करायची. टर्नटेबलच्या दोन पिना ॲम्पमागे एकमेकींच्या जागी लावा. दोष उजवीकडे गेला तर तो टर्नटेबलमध्ये आहे, आणि पहिला संशयित हेडशेलचे चार कॉन्टॅक्ट. नव्वद टक्के काम त्या पिना अल्कोहोलने पुसून होतं. दोष डावीकडेच राहिला तर ॲम्प किंवा स्पीकर. मग स्पीकरच्या वायरी बदलून तेच करा. ॲम्पवर आलं तर आधी ‘टेप मॉनिटर’चा स्विच खालीवर बरेच वेळा करा. कुणी न वापरलेला हा स्विच आतून काळा पडतो आणि आवाज त्याच्यातूनच जात असतो. त्यानंतर स्पीकरचा संरक्षक रिले. त्याची खूण पक्की आहे: कमी आवाजात एक बाजू गायब किंवा चिरकी, व्हॉल्यूम वाढवला की पटकन येते आणि मग कमी केला तरी थोडा वेळ राहते. काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमधून बारीक सिग्नल जात नाही, मोठा जातो. त्याला पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा, तेवढ्याच क्षमतेचा नवा रिले लावा.

व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये कार्बन ट्रॅकला चालणारा, थोडं वंगण मागे ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, पायांजवळच्या फटीतून थोडासाच सोडा आणि टोकापासून टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. खरखर गेली तर संपलं. आठवड्यात परत आली तर पॉटच्या पायांवर डीसी मोजा. तिथे तो जवळपास शून्य असायला हवा. नसेल तर पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. हा कपॅसिटर बदलायलाच हवा, आणि आता तो का बदलतोय हे तुम्हाला माहीत आहे.

बोर्डाच्या सोल्डर बाजूला भिंग लावून जड भागांचे पाय तपासा: जॅक, मोठे रेझिस्टर, हीट सिंकवरचे ट्रान्झिस्टर. पायाभोवती अंगठीसारखी बारीक काळी रेघ दिसली की तो डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटलाय. जुनं सोल्डर शोषून घ्या आणि नवा डाग द्या. कपॅसिटरच्या बुडाशी लावलेला पिवळा डिंक तपकिरी झाला असेल तर तो खरवडून काढा. तो वयाने वीज वाहू लागतो आणि शेजारच्या वायरी खातो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलायचे कधी? वर फुगलाय, बुडातून ओल आलीय, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही स्पीकरमधून घूं ऐकू येतं, किंवा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मोजणारा मीटर वाईट आकडा दाखवतोय तेव्हा. उष्णतेच्या जवळचे आधी जातात. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा या भागांचा सर्वमान्य हिशोब. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढाच किंवा थोडा वरचा, १०५ अंशांचा घ्या आणि ध्रुव फोटोवरून ताडा, काही जुन्या बोर्डांवरची छपाईच चुकलेली असते. फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटर सहसा बिघडत नाहीत, त्यांना राहू द्या. ट्रान्झिस्टर बदलावा लागलाच तर पायांचा क्रम पाहा: जपानी बनावटीत बहुधा एमिटर-कलेक्टर-बेस, आणि बीसी५४७ सारख्या युरोपियनमध्ये कलेक्टर-बेस-एमिटर. जुन्या नंबरचे ‘नवे’ आउटपुट ट्रान्झिस्टर पुष्कळदा नकली असतात, म्हणून चालू उत्पादनातला पर्याय बरा.

हे झालं की बल्बच्या बोर्डावर सुरू करून स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा. बायस (गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) मोजायचा तो बल्ब काढून, पंधरा मिनिटं तापल्यावर, एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर. ०.४७ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर. किती हवा ते सर्व्हिस मॅन्युअल सांगेल. ट्रिमर मळलेला असेल तर तो फिरवू नका, नवा लावा. फिरवताना त्याचा कॉन्टॅक्ट सुटला तर बायस उसळून आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात.

स्पीकरच्या कोनाभोवतीची कड बोटाने दाबून पाहा. फोमची असेल तर ती चुरा होऊन हातात येईल. फोम बदलता येतो, फक्त नवी कड चिकटवताना कॉइल मधोमध राहायला हवी, नाहीतर ती चुंबकाला घासत राहते. रबराची किंवा कापडाची कड शाबूत असेल तर तिच्यावर काहीही लावू नका. क्रॉसओव्हरमधले (आवाज मोठ्या-छोट्या स्पीकरांत वाटणाऱ्या सर्किटमधले) नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक मात्र मोजा. बाहेरची साफसफाई सर्वात शेवटी, आणि पुढच्या पॅनेलवर अल्कोहोल नको, छापलेली अक्षरं पुसली जातात.

सुरुवात बल्बच्या बोर्डापासून करा, मग बेअरिंग आणि बेल्ट. डाव्या-उजव्याची अदलाबदल करून दोष कुठे गेला ते पाहा आणि दोन्ही यंत्रांचे मॉडेल नंबर, मेन्सची फ्रिक्वेन्सी आणि पॉटवरचा डीसीचा आकडा लिहून पाठवा. त्यावरून कुठला भाग बदलायचा ते नेमकं सांगता येईल.